अर्धी खेप

हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याचा वजनकाटा थांबत नाही. रात्री दोन वाजताही ट्रॅक्टर येतो, मागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या. भरलेलं वजन होतं, चिठ्ठी निघते, गाडी गव्हाणीकडे, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिकडे, जाते. ऊस खाली झाला की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते आणि दोन वजनांतली वजाबाकी शेतकऱ्याच्या नावावर चढते. पंधरवड्याचं ऊस बिल त्या आकड्यावर निघतं, तोडणीचं आणि वाहतुकीचं बिलही त्यावरच. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, आणि ते १४ दिवसही त्याच पावतीच्या तारखेपासून मोजायचे. वर्षभर राबून पिकवलेल्या उसाचा हिशेब शेवटी डेटाबेसमधल्या एका ओळीत बसतो.

मी अशाच एका सहकारी कारखान्याच्या संगणक विभागात काम करते. दारावरची पाटी बदलली, पण कारखान्यात सगळे अजून ईडीपीच (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग) म्हणतात आणि आम्हीही. विभाग लहान आहे: दोघं प्रोग्रामर, नेटवर्क आणि मशीन बघणारा एक मुलगा, काट्यावर आणि शेती खात्यात बसणारे ऑपरेटर. आमच्याकडे डेटा म्हणजे सभासदांची नोंद, उसाची लागण-नोंद, तोडणी कार्यक्रम, काटा, गाळप, प्रयोगशाळेतला उतारा (उसातून किती साखर निघते ते), साखरेची पोती, स्टोअर, पगार. आणि या सगळ्याच्या बॅकअपचं वार्षिक उद्दिष्ट, चालत आलेलं, एका ओळीचं होतं: रोज बॅकअप घेणे, १०० टक्के.

त्या ओळीत मला खटकायचा तो आकडा. १०० टक्के कशाचे? रात्री बॅकअपचं काम लागतं, सकाळी स्क्रीनवर हिरवी खूण दिसते, रजिस्टरमध्ये सही होते. हिरवी खूण एवढंच सांगते की नक्कल करण्याचं काम संपलं. ती नक्कल उघडते का, तिच्यात कालचा ऊस आहे का, ती दुसऱ्या मशीनवर लावून काटा चालू करायला किती वेळ लागेल, यातलं काहीच ती सांगत नाही. वर्षअखेरीच्या अहवालात मात्र १०० टक्के फार छान दिसतात.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत जे घडलं, ते मी विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते. जगभरातले प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात अशा कंपन्यांपैकी ही एक. त्या दिवशी मुख्य डेटाबेसची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडला होता. तो नव्याने जुळवून घ्यायला एका इंजिनिअरने तिथलं डेटाचं फोल्डर पुसायला घेतलं, आणि ती आज्ञा गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते.

इथपर्यंत काही विशेष नाही. थकलेल्या माणसाचा हात कुठेही चुकू शकतो. खरं बघण्यासारखं पुढे आहे. रोजचा बॅकअप क्लाउडमधल्या ज्या कप्प्यात जायचा, तो कप्पा रिकामा निघाला. बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे काम दर वेळी बंद पडत होतं. बंद पडल्याची ईमेल निघत होती, पण मेल सर्व्हर ती खोटी समजून नाकारत होता, म्हणून ती कोणाला मिळतच नव्हती. डिस्कचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या जशाच्या तशा प्रती, इतर सर्व्हरचे घेतले जात होते, डेटाबेसच्या सर्व्हरचे नाही. अखेर कामी आली ती सहा तासांपूर्वी, चाचणीच्या सर्व्हरला हवी म्हणून एका इंजिनिअरने हाताने घेतलेली प्रत. सेवा १८ तासांच्या आसपास बंद राहिली, मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० च्या घरातली नवी खाती गेली.

गिटलॅबने यातलं काही लपवलं नाही. डेटा परत आणण्याचं काम त्यांनी यूट्यूबवर सगळ्यांना दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल जाहीर केला. त्याबद्दल मला त्या माणसांविषयी मनापासून आदर आहे. त्या अहवालातला एक प्रश्न आमच्या विभागात सगळ्यांना पाठ आहे: बॅकअप परत लावून बघण्याची चाचणी नियमित का होत नव्हती? उत्तर असं की ते काम कोणाच्याच नावावर नव्हतं. बॅकअपचे चार-पाच मार्ग होते, हुशार माणसं होती, पैसा होता. परत लावून बघण्याचं उद्दिष्ट मात्र कोणाच्या कागदावर नव्हतं.

म्हणून गेल्या बंद हंगामात आम्ही उद्दिष्टं नव्याने लिहायला घेतली. मोजता येतील अशी उद्दिष्टं लिहिण्याची पद्धत जुनीच आहे. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये ती मांडली, इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी तिला धार लावली, आणि तिथे शिकलेले जॉन डोअर १९९९ मध्ये ती गूगलमध्ये घेऊन गेले. तिचा गाभा इतकाच की काय साधायचं ते एका वाक्यात लिहा, आणि ते साधलं की नाही हे वाद न घालता कळेल असे तीन-चार आकडे त्याखाली लिहा. आमच्यासाठी अवघड होतं ते आकडे कुठून आणायचे हे.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात आकडे तयार मिळतात. आमच्या एका पुरवठादाराने तर तक्ताच पाठवला: अमुक मिनिटांचा डेटा गेला तर चालेल, अमुक तासांत सगळं परत उभं. तो तक्ता घेऊन मी काट्यावर गेले. काट्यावरचे काका निवृत्तीला आलेत, बैलगाड्यांची रांग कारखान्याच्या फाटकाबाहेर जायची त्या काळापासून ते काटा बघतायत. मी विचारलं, "काका, एका तासाचा डेटा गेला तर किती त्रास होईल?" ते म्हणाले, "पावत्या परत भरता येतील हो मॅडम. पण ऊस गव्हाणीत पडलेल्या गाडीचं भरलेलं वजन तुम्ही परत कुठनं आणणार?"

त्या तक्त्यातल्या कुठल्याही रकान्यात हे नव्हतं. दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना धरा. दोन ट्रॉल्यांत मिळून सतरा टनांच्या आसपास ऊस धरला तर दिवसाला तीनशेच्या जवळ खेपा, म्हणजे तासाला बारा-तेरा, बैलगाड्या वेगळ्या. ज्या खेपेची दोन्ही वजनं झाली तिची पूर्ण पावती शेतकऱ्याकडे असते, ती पुन्हा नोंदवता येते. जी गाडी अजून भरलेली यार्डात उभी आहे तिचंही पुन्हा वजन करता येतं. मधल्या गाडीचं काय? भरलेलं वजन झालंय, ऊस गव्हाणीत पडलाय, रिकामं वजन व्हायचंय. तिला आम्ही अर्धी खेप म्हणतो. कुठल्याही क्षणी अशा काही खेपा कारखान्याच्या आवारात असतातच. तो ऊस आता चरकात गेला, त्याचं वजन पुन्हा कधीही करता येणार नाही.

चालकाकडे भरलेल्या वजनाची चिठ्ठी असते, हे खरं. पण रात्रीच्या दवात ती भिजते, खिशात चुरगळते, आणि त्याहून मोठी अडचण अशी की तिच्यावरून हाताने भरलेला आकडा कारखान्याच्या माणसाने भरलेला असतो. काटामारी, म्हणजे वजन कमी दाखवणं, हा शब्द आमच्या भागात प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. त्यावर आंदोलनं होतात, भरारी पथकं येतात, वैधमापन शास्त्र विभागाचे लोक येऊन काटा तपासून जातात. आमच्या काट्यावर शेतकऱ्याला बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेवर वजन दिसतं आणि तेच पावतीवर छापून येतं, म्हणून विश्वास टिकून आहे. दहा शेतकऱ्यांच्या पावतीवर एका रात्री हाताने लिहिलेलं वजन आलं, तर तो विश्वास परत मिळवायला किती हंगाम लागतील हे कोणतंच सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही.

तेव्हा आमचा पहिला आकडा काट्यावर ठरला. काट्याच्या डेटाबेसमधला पाच मिनिटांहून जास्त डेटा जाणार नाही. त्यासाठी व्यवहारांच्या लॉगचा, म्हणजे डेटाबेसमध्ये झालेल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा, बॅकअप दर पाच मिनिटांनी, तोही दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर. सभासदांच्या शेअर्सची नोंद मात्र दिवसातून एकदा पुरे, कारण तिथे दिवसभरात होणारे बदल अर्जाच्या कागदावर असतात. पगाराचं तसंच. सगळ्याला एकच आकडा लावायचा हट्ट सोडला तेव्हा कुठे महत्त्वाच्या डेटाला द्यायला डिस्क आणि वेळ उरला. हा मुद्दा मी फार कळकळीने सांगते, कारण "सगळा डेटा सारखाच महत्त्वाचा" असं म्हणणाऱ्या बैठका मी बऱ्याच पाहिल्या आहेत. तसं म्हणणाऱ्याला निवड करायची नसते.

दुसरा आकडाही काकांनीच दिला. काट्याचं वजन दाखवणारं यंत्र संगणकाशिवाय चालतं, त्यामुळे संगणक बंद पडला तर हातपावतीच्या पुस्तकावर काम रेटता येतं. किती वेळ? दोन तास. त्यापुढे लिहिणाऱ्याच्या चुका वाढतात, यार्ड भरतो, रांग रस्त्यावर जाते, आणि इकडे गव्हाणीला ऊस कमी पडला तर मिल 'नो केन' म्हणून थांबते. मिल थांबली की खाली बॉयलरपासून सगळ्यांचं गणित बिघडतं. म्हणून दोन तासांत काटा दुसऱ्या मशीनवर उभा राहिला पाहिजे.

या दोन आकड्यांतला फरक समजावताना मी दिल्लीच्या एम्सचं उदाहरण देते. २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथल्या सर्व्हरवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. ई-हॉस्पिटल या रुग्णालयाचं कामकाज चालवणाऱ्या प्रणालीचा सगळा डेटा हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला. म्हणजे बॅकअप होता आणि कामी आला. तरीही जवळजवळ दोन आठवडे नोंदणीपासून रक्ततपासणीच्या अहवालांपर्यंतचं काम कागदावर करावं लागलं. डेटा वाचणं आणि काम सुरू होणं यांत केवढं अंतर असतं ते तिथल्या रुग्णांनी आणि निवासी डॉक्टरांनी सोसलं.

तिसरं उद्दिष्ट प्रतीच्या जागेचं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक बाहेरगावी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आता सगळ्यांना माहीत असतो. आमच्या भागात 'बाहेरगावी' याचा अर्थ नदीचा नकाशा समोर ठेवून लावावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला आलेल्या पुरात सांगली-कोल्हापूर शहरांचे मोठे भाग पाण्यात होते आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. कारखाना नदीकाठी, तालुक्याचं गाव त्याच नदीकाठी, तिथल्या शाखा कार्यालयाच्या तळमजल्यावर ठेवलेली हार्डडिस्क ही बाहेरची प्रत होत नाही. म्हणून आम्ही अट लिहिली की एक प्रत कृष्णेच्या खोऱ्याबाहेर असेल, रस्ता बंद असतानाही मिळेल, आणि आमच्या अ‍ॅडमिन पासवर्डने ती पुसता येणार नाही. शेवटची अट व्हायरससाठी. कारण हल्ला करणारा बहुतेकदा आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळवतो आणि मग पहिल्यांदा बॅकअपवर जातो.

बाहेरच्या प्रतीचा खर्च मांडला की "आपला डेटा फार मोठा आहे" असं उत्तर येतं. दक्षिण कोरियाच्या सरकारनेही असंच धरलं होतं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या त्यांच्या जी-ड्राइव्हवर ८५८ टेराबाइट होते, आकार एवढा म्हणून बाहेर प्रतच नव्हती. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या केंद्रात बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि तो सगळा साठा गेला. आमचा सगळा डेटा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, तेव्हा ती सबब आम्हाला नाही.

आता परत त्या १०० टक्क्यांकडे. टक्केवारी काढायची तर छेद माहीत हवा. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये जेवढ्या मशीनची नोंद, तेवढ्यांचे १०० टक्के ते दाखवतं. ज्या मशीनची नोंदच नाही ती त्याच्या जगात नसते. आमच्या नेटवर्क बघणाऱ्या मुलाने वही घेऊन कारखाना पालथा घातला. गोदामापासून टाइम ऑफिसपर्यंत, टेबलाखालचे डबेसुद्धा. स्टोअरमध्ये एका जुन्या संगणकावर मिलच्या सुट्या भागांची एक्सेल सापडली, कोणता बेअरिंग कुठल्या रोलरला बसतो याची, एका फोरमनने वर्षानुवर्षं भरलेली. सर्व्हरवर त्यातलं काही नव्हतं. प्रयोगशाळेत उताऱ्याच्या नोंदी ठेवणारं मशीन, डिस्टिलरीचा संगणक, शेती खात्यातल्या चिटबॉयच्या (शेतावर जाऊन उसाची नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) टॅबलेटमधले शेताचे मोजणीचे फोटो. हे सगळं यादीत आल्यावर आमचे १०० टक्के घसरले, आणि खाली आलेला तो आकडा आम्ही तसाच भिंतीवर लावला. पहिला खरा आकडा तो.

एम.डी. साहेबांना हे पटवायला वेळ लागला. "मागच्या वर्षी १०० होते, या वर्षी कमी कसे?" हा प्रश्न संचालक मंडळात येणार हे त्यांना दिसत होतं. मी त्यांच्यापुढे यादी ठेवली आणि स्टोअरचा तो संगणक दाखवला. त्यांनी फोरमनला बोलावून विचारलं, हे गेलं तर? तो म्हणाला, "साहेब, मग मला विचारावं लागेल. मी दोन वर्षांत रिटायर होतोय." पुढची चर्चा झाली नाही, सही झाली.

उद्दिष्ट ठरवण्यापेक्षा ते पाळलं जातंय का हे बघत राहणं कष्टाचं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल जे म्हटलं ते विभागाच्या बैठकीलाही लागू पडतं: एखाद्या मापावर माणसांना जोखायला लागलं की ते माप विश्वासाचं राहत नाही. दर आठवड्याला एक बॅकअप परत लावून बघायचा असं ठरलं, की सगळ्यात लहान डेटाबेस निवडला जातो. त्यात कोणाचा लबाडपणा नसतो, कामाच्या गर्दीत माणूस सोपं ते आधी उरकतो. म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकतो. कोणत्या मशीनचा, कोणत्या तारखेचा बॅकअप लावायचा आणि कोणी लावायचा, तिन्ही चिठ्ठीत निघतं. ज्याने बॅकअप बसवला त्याच्या नावाची चिठ्ठी त्या मशीनला चालत नाही. दुसऱ्याने फक्त लिहिलेल्या कागदावरून काम करायचं. कागदात 'नेहमीचा पासवर्ड टाका' असं लिहिलेलं असेल तर ते तिथेच अडतं, आणि अडावंच.

डेटाबेस उघडला म्हणजे झालं असंही आम्ही धरत नाही. काट्याचा डेटाबेस परत लावला की त्यातून त्या तारखेच्या उसाची बेरीज काढायची आणि त्याच दिवसाच्या, शेती अधिकाऱ्याची सही असलेल्या दैनिक अहवालाशी जुळवायची. टनानंतर तीन दशांश, म्हणजे किलोपर्यंत. एकदा बेरीज अठरा टन सहाशे वीस किलोने कमी आली. शोधल्यावर कळलं की एक खेप पाळी बदलताना रात्री बाराच्या या बाजूला भरली आणि त्या बाजूला रिकामी झाली. अहवाल एका तारखेला धरत होता, आमची बेरीज दुसऱ्या. बॅकअप बरोबर होता. पण ती अर्धी खेप आकड्यांत अशी उघडी पडली तेव्हा काट्यावरचे ऑपरेटरही हे काम आपलं मानायला लागले. आता जुळणीची सही तेच करतात, ईडीपी करत नाही.

भिंतीवरच्या तक्त्यात लाल खूण आली तर बैठकीत एकच प्रश्न विचारायचा असा माझा आग्रह आहे: काय कमी पडलं? कोणामुळे, हे विचारलं की पुढच्या आठवड्यापासून लाल खुणा बंद होतात आणि हिरव्या वाढतात. त्या हिरव्या खुणांची मला जास्त भीती वाटते. दोन तासांचं उद्दिष्ट गेल्या हंगामात आम्हाला गाठता आलं नाही. चाचणीत काटा उभा राहायला तीन तासांच्या वर वेळ लागत होता, त्यातला बराचसा काट्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना दुसऱ्या मशीनवर चालू करून घेण्यात, म्हणजे पुरवठादाराचा माणूस फोन उचलेपर्यंत जात होता. विभागात एकाने सुचवलं, उद्दिष्टच तीन तासांचं करू. मी नाही म्हटलं. दोन तास हा आकडा आमच्या सोयीचा नव्हता, तो हातपावतीवर लिहिणाऱ्या माणसाच्या दमाचा होता, आणि त्याचा दम आमच्या तक्त्याने वाढत नाही. बदलायचा होता तो परवान्याचा करार. या वर्षीच्या करारात राखीव मशीनचा परवाना आधीच चालू ठेवायची अट घातली आहे.

बॉयलर अग्निप्रदीपनाला अजून काही आठवडे आहेत. गव्हाणीत मोळी पडण्याआधी काट्याची पूर्ण चाचणी एकदा रात्रपाळीत घ्यायची आहे, कारण दिवसा सगळे हजर असतात आणि आपत्ती पाळी बघून येत नाही. काकांनी हातपावतीची नवी पुस्तकं छापून मागवली आहेत. चिटबॉयचे टॅबलेट यादीत आले, बॅकअपमध्येही आले. प्रयोगशाळेच्या मशीनपुढे अजून लाल खूण आहे. त्याची डिस्क बदलायची मागणी खरेदी विभागात गेली आहे, आणि तिच्यापुढे नेटवर्क बघणाऱ्या मुलाचं नाव आणि तारीख लिहिली आहे.